मणक्याचे रॅट सांभाळताना

मी नोकरीत काय करायचे असं कुणी विचारलं, की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आई अजून सांगते, "उंदरांना शू करवायची." खोटं नाही. बडोद्यातल्या एका औषध प्रयोगशाळेच्या ॲनिमल हाऊसमध्ये मी बावीस वर्षं काढली, त्यातली नऊ मज्जारज्जूच्या इजेवरची औषधं रॅटवर तपासण्यात. आता भाचीच्या ओळखीने एम. फार्म.ची मुलं घरी येतात, "मावशी, प्रोटोकॉल जरा बघाल का?" म्हणून. त्यात औषधावर चार पानं असतात आणि मूत्राशयावर एक ओळ. म्हणून हे लिहून ठेवते.

आधी कागद. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची फॉर्म बीवर मंजुरी आल्याशिवाय एकाही जनावराला हात लावायचा नाही. (प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखालची केंद्राची समिती आता सीसीएसईए झाली, आमच्या तोंडी अजून सीपीसीएसईएच बसलंय.) फॉर्ममध्येच लिहून टाका की कुठल्या क्षणी जनावराला त्रासातून सोडवायचं. वजन २० टक्क्यांनी उतरलं, किंवा बधिर झालेला स्वतःचाच पाय कुरतडायला लागला, की थांबायचं. हे आधी लिहिलेलं नसेल, तर "अजून एक दिवस बघू" असं म्हणणारा कुणीतरी निघतोच, आणि तो बहुधा ज्याची पीएच.डी. आहे तोच असतो.

जनावर शक्यतो मादी घ्या, २२० ते २५० ग्रॅमची. मादीचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे मूत्राशय हाताने रिकामं करणं सोपं जातं आणि जंतुसंसर्गही कमी होतो. इजा छातीच्या नवव्या-दहाव्या मणक्यापाशी करतात. तिथे श्वास आणि पुढचे पाय शाबूत राहतात, मागचे जातात. मणके मोजताना लक्षात ठेवा, रॅटला छातीचे मणके तेरा असतात, आपल्यासारखे बारा नाहीत. भूल पूर्ण चढल्यावर मणक्याची मागची कमान काढतात आणि ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं वजन उघड्या कॉर्डवर, म्हणजे मज्जारज्जूवर पडतं. आमच्याकडे न्यूयॉर्कच्या पद्धतीचं यंत्र होतं, १० ग्रॅमची दांडी, १२.५ किंवा २५ मिलिमीटरवरून. दांडी हाडाच्या कडेला घासली तर मार हलका बसतो आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं. म्हणून दुसऱ्या दिवशीच मागचे पाय बघा. पाय बऱ्यापैकी हलत असतील तर ते जनावर गाळायचं. किती हललं तर गाळायचं, तो आकडा मात्र आधीच वहीत हवा.

ऑपरेशनच्या दिवशी औषधाइतकंच काम करणाऱ्या दोन गोष्टी खोलीत असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पहिली म्हणजे भूल. आपल्याकडे केटामाइन-झायलाझिन सर्रास वापरतात. केटामाइन चेतापेशींना उत्तेजित करणारा एनएमडीए रिसेप्टर अडवतं, म्हणजे चेतापेशींना थोडं संरक्षण तेच देतं. सगळ्या गटांना एकच डोस, एकाच वेळेच्या हिशेबाने द्या. दुसरी म्हणजे थंडी. शरीर गार पडलं की कॉर्डची हानी कमी होते. बडोद्याच्या मे महिन्यात एसी १८ वर ठेवून एक गट सोमवारी उरकला आणि एसी बंद पडलेल्या मंगळवारी दुसरा, तर तुम्ही औषध नाही, एसी तपासलात. गुदद्वारात थर्मामीटर, खाली गरम पॅड, ३७ अंश. आणि रोज प्रत्येक गटातले थोडे थोडे, चिठ्ठी काढून.

आता मूत्राशय. इजेनंतर रॅटला लघवीची जाणीव राहत नाही आणि मूत्राशय आपोआप रिकामंही होत नाही. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी प्रतिक्षेपाने ते काम परत सुरू होतं. तोवर दिवसातून दोन-तीनदा तुम्ही. रॅटला सुती टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, डोकं तुमच्या कोपराकडे. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पोटाच्या दोन बाजूंनी, फासळ्यांच्या खालून शेपटीकडे हळू सरकवत न्या. भरलेलं मूत्राशय बोटांत टपोऱ्या द्राक्षासारखं येतं. पिळायचं नाही, नुसतं धरून दाब वाढवत न्यायचा. लघवी सुटली की तोच दाब कायम ठेवायचा, ते मऊ पडेपर्यंत. खाली पांढरा टिश्यू धरा, रंग दिसतो. पिवळसर स्वच्छ तर ठीक. गढूळ, वास मारणारी किंवा गुलाबी असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. आमचे ॲनिमल हाऊसचे भाई टिश्यू बघण्याआधीच पिंजऱ्यात हात घालून सांगायचे, "बेन, आनुं पेट कडक छे." नऊ वर्षांत ते दोनदाच चुकले असतील.

रोज वजन करा. पाणी कमी पडलेलं वाटलं तर कातडीखाली सलाइन. खाणं पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, कारण मागचे पाय गेलेला रॅट वरच्या जाळीपर्यंत उठत नाही. वेदनाशामक ठरल्याप्रमाणे सगळ्यांना.

पाळीचा तक्ता करताना कॅलेंडर समोर घ्या. नवरात्र, उत्तरायण (आपली संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण मिळून बडोदं किती दिवस बंद असतं ते बाहेरून आलेल्या गाइडला कळत नाही. एका आठमीला संध्याकाळच्या पाळीच्या मुलाला गरब्यासाठी मीच सुट्टी दिली, "सकाळी बघू" म्हणून. सकाळी दोन रॅटच्या लघवीत रक्त आणि तिसरा मेलेला. कुठलं जनावर कुठल्या गटातलं ते लपवणारा कोड उघडल्यावर तिघंही एकाच गटातले निघाले, औषधाच्या. त्या औषधाचा निकाल कसा वाचायचा यावर नंतर तीन बैठका झाल्या. मी गप्प बसून होते.

डोसबद्दल थोडक्यात. औषध ज्यात विरघळवलं त्या द्रवाचा वेगळा गट हवाच. डीएमएसओ हे औषधं विरघळवायचं रसायन काही निरुपद्रवी पाणी नव्हे. सिरिंजवर नाव नको, कोड हवा. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक पिवळं असतं, तिथे सिरिंजला चिकटपट्टी गुंडाळा. आणि पहिला डोस कधी, यावर प्रामाणिक राहा. इजेआधी पंधरा मिनिटं औषध देऊन रॅट चालला तर छान, पण डभोई रस्त्यावर ट्रकने उडवलेला माणूस हॉस्पिटलात पोहोचून एक्स-रे होईपर्यंत तास उलटतात. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या, मज्जारज्जूच्या इजेवरच्या १९९० च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत औषध आठ तासांच्या आत देण्यावरच सगळी मदार होती. जगभर ते दिलं गेलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये म्हटलं.

पायांचे गुण देताना १९९५ ची बीबीबी पट्टी (बासो, बीटी आणि ब्रेस्नाहान या तिघांच्या नावांवरून) वापरतात, शून्य ते एकवीस. शून्य म्हणजे मागच्या पायात काही हालचाल नाही, एकवीस म्हणजे निरोगी चाल. मैदान म्हणून आम्ही मंगळ बाजारातून आणलेला मुलांचा पोहायचा प्लास्टिकचा टब वापरायचो, तळ खरबरीत करून. रॅटला ऑपरेशनच्या आधी आठवडाभर त्यात फिरू द्या, नाहीतर तो भेदरून कोपऱ्यात बसतो. चार मिनिटं, दोन बघणारे समोरासमोर, डावा-उजवा पाय वेगळा. आणि आधी मूत्राशय रिकामं! भरलेल्या मूत्राशयाने पाय झटके देतात, ते चालणं नव्हे.

सगळी भांडणं आठ आणि नऊच्या मध्ये होतात. तळवा जमिनीला टेकला, पण त्यावर अंगाचा भार आला का? रॅटच्या डोळ्याच्या पातळीला खाली बसा आणि गुडघ्याकडे नाही, पोट आणि जमिनीमधल्या फटीकडे बघा. मागचा भाग उचलला जाऊन फट दिसली तर भार आहे. आठवरून नऊ झालं म्हणजे नुसता एक गुण वाढला असं समजू नका; या पट्टीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत.

माझ्या पहिल्या अभ्यासात पिंजऱ्यांना रंगीत कार्डं होती आणि हिरवं म्हणजे औषध हे मला ठाऊक होतं. हिरव्यांना मी सरासरी दोन गुण जास्त दिले. पुढच्या खेपेला कोड लावून तेच औषध तपासलं, फरक गेला. मुद्दाम केलं नव्हतं. पण आठ की नऊ अशा प्रत्येक ठिकाणी हात नऊकडे गेला होता. त्यात, मध्यम इजेचा रॅट औषधाशिवायही सहा आठवड्यांत दहाच्या आसपास येतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं उठला तो औषधानेच.

सहाव्या आठवड्यानंतर ऊती. खोल भुलीत पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून ते सोडून ऊती पक्क्या करणं), कॉर्डचे काप, लक्सोल फास्ट ब्लूने मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण, रंगवून वाचलेलं पांढरं द्रव्य मोजणं. स्लाइडवरही कोडच.

कोडचा लिफाफा दुसऱ्या विभागातल्या कुणाच्या तरी कपाटात ठेवा. तो उघडायच्या आदल्या दिवशी गाळलेल्या जनावरांची यादी करा. कुठलं, कोणत्या दिवशी, का. त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या, ॲनिमल हाऊसच्या भाईंचीसुद्धा.