टीकिंटर शिकताय? विंडो हँग करणाऱ्या या चुका टाळा

पायथॉनमध्ये लूप, फंक्शन, फाइल वाचणं जमायला लागलं की पुढची हौस ठरलेली: काळ्या टर्मिनलऐवजी खरीखुरी विंडो हवी, तिच्यात बटणं हवीत. विंडो बनवायचं टीकिंटर हे मॉड्यूल पायथॉनबरोबरच येतं, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. सुरुवात म्हणून ते चांगलंच आहे. फक्त ते टीसीएल भाषेसाठी जॉन आउस्टरहाउट यांनी बनवलेल्या टीके या टूलकिटवर उभं आहे, त्यामुळे त्याच्या काही एरर वाचताना हे पायथॉन बोलतंय का दुसरंच कोणी, असा प्रश्न पडतो. (खालच्या कोडमधली नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

नवशिक्यांच्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच असतं. आपला प्रोग्रॅम वरून खाली, ओळीमागून ओळ चालतो याची सवय झालेली असते. विंडोचा प्रोग्रॅम तसा चालत नाही. रूट.मेनलूप() (रूट म्हणजे आपली मुख्य विंडो) ही ओळ आली की लगाम टीकेच्या हातात जातो. क्लिक झालं का, कीबोर्डवरचं बटण दाबलं का, विंडो पुन्हा रंगवायची का, हे तो बघत बसतो. आपण फक्त आपली फंक्शनं त्याच्याकडे सोपवून ठेवायची.

बटण न दाबताच काम होतं, दाबल्यावर मात्र काहीच नाही

बटणाला कमांड=जतन() असं लिहिलंय का बघा. कंस लावले की पायथॉन ते फंक्शन तिथल्या तिथे चालवतो आणि त्यातून परत आलेलं जे काही असेल ते, म्हणजे बहुधा नन, कमांडला देतो. फाइल विंडो दिसायच्या आधीच जतन होते आणि नंतर बटण ढिम्म. कंस काढून कमांड=जतन लिहा. आर्ग्युमेंट द्यायचं असेल तर लॅम्डा, म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन वापरा.

पण लॅम्डाचाही एक खड्डा आहे आणि कॅल्क्युलेटर बनवणारे जवळपास सगळे त्यात पडतात. ० ते ९ ही बटणं लूपमध्ये बनवली, प्रत्येकाला लॅम्डा: दाबलं(आय) दिलं, आणि आता ३ दाबा, ७ दाबा, पडद्यावर ९च उमटतो. लॅम्डा आयची किंमत बटण बनताना घेत नाही, दाबल्यावर बघतो; तोपर्यंत लूप संपून आय ९ वर थांबलेला असतो. लॅम्डा आय=आय: दाबलं(आय) असं लिहिलं की प्रत्येक बटणाला आपापला आकडा मिळतो.

'ननटाइप'ला गेट नाही अशी एरर

नाव = एंट्री(रूट).पॅक() ही ओळ बघा. एंट्री म्हणजे टाइप करायची चौकट, पॅक तिला विंडोत बसवतो. पॅक नेहमी ननच परत देतो, त्यामुळे नावमध्ये एंट्री राहतच नाही. दोन ओळी करा: आधी एंट्री बनवा, मग पॅक करा. नाव.गेट() सुद्धा बटणाच्या फंक्शनमध्येच हवं. मेनलूपच्या आधी लिहिलं तर वापरणाऱ्यानं काही टाइप करायच्या आतच ते वाचून मोकळं होतं आणि रिकामी स्ट्रिंग हाती येते.

विंडो हँग होते

ही सगळ्यात मोठी तक्रार. समजा सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या बनवायच्या आहेत. बटण दाबलं, फंक्शननं १२० फ्लॅटच्या पीडीएफ बनवायला घेतल्या. विंडो गोठली, विंडोजनं पाचेक सेकंद वाट पाहिली आणि वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पाँडिंग' झळकवलं. प्रोग्रॅम मेलेला नाही, पावत्या बनतायत. पण एकट्यानं चालवलेल्या किराणा दुकानात मालक आत साखर आणायला गेला की काउंटरवरच्यांना उभंच राहावं लागतं, तसं मेनलूपचं झालंय. तुमचं फंक्शन परत येईपर्यंत तो काहीच करू शकत नाही. टाइम.स्लीप(५) लिहिलं तरी हाच प्रकार.

इथे लोक लूपमध्ये रूट.अपडेट() टाकतात. विंडो हलायला लागते, पण वापरणारा मधेच तेच बटण पुन्हा दाबू शकतो आणि पावत्यांचं काम एकात एक दोनदा सुरू होतं. हा उपाय नकोच.

कामाचे तुकडे पडत असतील तर रूट.आफ्टर वापरा: एक पावती बनवा, मग रूट.आफ्टर(१०, पुढची) म्हणा आणि फंक्शन संपवा. मधल्या वेळात मेनलूपला श्वास मिळतो. (इथेही 'पुढची'पुढे कंस नाही!) एकच लांब काम असेल, उदाहरणार्थ मोठी फाइल डाउनलोड करणं, तर वेगळा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा दुसरा धागा करा. पण त्या थ्रेडमधून लेबल, बटण, कशालाही हात लावू नका. कधी चालून जातं, कधी 'मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप' अशी एरर येते, आणि चालून जातं तेच जास्त वाईट, कारण चूक लपून राहते. थ्रेडनं निकाल क्यूमध्ये (दोन थ्रेडमधल्या रांगेत) टाकावा, मुख्य थ्रेडनं आफ्टरनं दर १०० मिलिसेकंदांनी क्यू तपासावी.

चित्राची जागा रिकामी, एररही नाही

फोटोइमेज फंक्शनच्या आत बनवली, फंक्शन संपलं, व्हेरिएबल गेलं आणि पायथॉननं चित्र साफ केलं. लेबल त्याला धरून ठेवत नाही. लेबल.इमेज = चित्र अशी एक ओळ टाका.

किरकोळ, पण डोकं खाणाऱ्या

एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड (ओळी-रकान्यांत मांडणारा दुसरा प्रकार) मिसळू नका. जुन्या आवृत्त्या त्यावर अडकून पडायच्या, नव्या निदान एरर देतात. सरावाच्या फाइलला टीकिंटर.पीवाय नाव देऊ नका, नाहीतर पायथॉन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल इम्पोर्ट करतो. दुसरी विंडो हवी असेल तर पुन्हा टीके() नको, टॉपलेव्हल() वापरा. उबुंटूवर मॉड्यूल सापडतच नसेल तर पायथॉन३-टीके हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

मराठी मजकूर

विंडोजवर निर्मला यूआय फाँटमध्ये लेबलं सहसा नीट दिसतात. लिनक्सवर टीके ८.६ मध्ये मात्र ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न जाता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटतात. फाँट बदलत बसू नका, दोष त्याचा नाही. अक्षरं जुळवण्याची सोयच तिथे नसते. लिनक्सवर मराठी अ‍ॅप द्यायचंच असेल तर क्यूट हे दुसरं टूलकिट वापरा, म्हणजे पायथॉनसाठी पायक्यूट किंवा पायसाइड. फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ स्वतः लिहा. एक सोय मात्र आयती आहे: एंट्रीत कोणी १२५ असा देवनागरी आकडा टाकला तरी इंट() तो बिनतक्रार वाचतो.

माझ्याकडे चालतं, मित्राकडे नाही

पायइन्स्टॉलर या साधनानं एक्झे (पायथॉन नसलेल्या मशिनवरही चालणारी फाइल) बनवलं की आयकॉन आणि चित्रं आपोआप आत जात नाहीत, ती ॲड-डेटानं सांगून घालावी लागतात. वन-फाइल केलं तर ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडतात, म्हणून पत्ता सिस._एमईआयपास वरून काढा. विंडोजचं एक्झे विंडोजवरच बनवायचं. आणि विंडोड पर्याय लावला की कन्सोल जातो, त्याबरोबर कॉलबॅकमधल्या, म्हणजे बटणांना सोपवलेल्या फंक्शनांमधल्या एररही दिसेनाशा होतात. मित्र फक्त 'बटण चालत नाही' एवढंच सांगू शकतो. रूट.रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शनला स्वतःचं फंक्शन देऊन एरर लॉग फाइलमध्ये लिहा, म्हणजे त्याच्याकडून ती फाइल तरी मागवता येईल.