पुण्याचा सल्ला म्हापशात चालत नाही : गोव्यातल्या घटस्फोटात या चुका टाळा

घरात घटस्फोटाचा विषय निघाला की पहिला फोन जातो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला. तिथे कुणाची मावसबहीण यातून गेलेली असते, कुणाचा भाचा वकील असतो. सल्ला मनापासून दिलेला असतो, पण तो हिंदू विवाह कायद्यातला असतो, आणि तो कायदा गोव्यात लागू केलेलाच नाही. १९६१ च्या मुक्तीनंतरही पोर्तुगीज काळातले कौटुंबिक कायदे इथे तसेच राहिले. १८६७ ची नागरी संहिता आणि ३ नोव्हेंबर १९१० चा घटस्फोट कायदा ही त्यातली मुख्य दोन. पेडण्यापासून काणकोणपर्यंत निम्म्याअधिक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

लग्नाचा दाखला न बघताच सुरुवात करणे

वकिलाकडे जाताना भांडणाची हकिकत सगळे पाठ करून जातात. दाखला मात्र कपाटातच राहतो. गोव्यात लग्नाच्या नोंदणीला दोन टप्पे आहेत: पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणे आणि दुसरी सही म्हणजे प्रत्यक्ष नोंद. पहिली सही झाली, पाठोपाठ देवळात अक्षता पडल्या, जेवणावळ उठली आणि दुसरी सही राहूनच गेली, असं होतं. मग वर्षांनंतर कळतं की कायद्याच्या नजरेत लग्न पूर्णच झालेलं नाही. तिथे घटस्फोटाचा अर्ज करून काही साधत नाही, वेगळा मार्ग शोधावा लागतो. अशा स्त्रीला घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचा आधार घेता येतो, कारण त्यात लग्नासारखं सहजीवनही धरलेलं आहे.

लग्न सावंतवाडीत किंवा बेळगावात लागलं आणि नोंदही तिकडेच झाली असेल, तर कोणता कायदा लागणार हाच पहिला वाद होऊ शकतो. तो सुटण्याआधी मालमत्तेच्या वाटपाचे आकडे मांडण्यात अर्थ नाही.

‘सहा महिन्यांत मोकळे होऊ’

वर्तमानपत्रात येणारा सहा महिन्यांचा थांबा, तो माफ केल्याचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, हे सारं हिंदू विवाह कायद्याबद्दलचं असतं. गोव्याच्या कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोट हवा असेल तर लग्नाला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला हवा आणि दोघांनीही पंचवीस वर्षं पूर्ण केलेली हवीत. आधी तात्पुरता घटस्फोट मिळतो. वर्षभरानंतर दोघेही निर्णयावर ठाम असतील तर तो कायम होतो. त्या वर्षात दुसरं लग्न ठरवून हॉल बुक करणारेही असतात, म्हणून हे सांगून ठेवलं.

अर्जासोबत लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, मुलं कुणाकडे राहणार व त्यांचा खर्च कोण किती उचलणार याचा करार, आणि सगळ्या मालमत्तेची किमतीसह यादी द्यावी लागते. ही यादी घाईघाईत, आठवेल तशी लिहिणं ही मोठी चूक. पुढच्या वाटपात तीच पुढे येते.

एकतर्फी अर्जाचंही तसंच. हिंदू विवाह कायद्यात सोडून गेल्याला दोन वर्षं लागतात, इथे तीन. दोघांनी राजीखुशीने वेगळं राहणं हे कारण धरायचं तर सलग दहा वर्षं. आणि दहा वर्षं झाली म्हणून लग्न आपोआप मोडत नाही, कोर्टात जावंच लागतं.

‘उताऱ्यावर माझं नाव, म्हणजे माझंच’

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून सांगते. लग्नाआधी सार्वजनिक दस्ताने वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात लग्नासोबतच संपत्तीची सामायिकता सुरू होते. लग्नाआधीचं, लग्नानंतर कमावलेलं, वारशाने आलेलं, सगळं दोघांचं अर्धं अर्धं. एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर फक्त नवऱ्याचं नाव असलं तरी बायकोचा अर्धा हिस्सा असतोच, आणि बायकोच्या माहेरून तिला आलेल्या काजूच्या बागेत नवऱ्याचाही. हे दुसरं वाक्य ऐकून बऱ्याच जणींना धक्का बसतो. समानता दोन्ही बाजूंनी कापते, आणि कायदा वाचताना आपल्याला आवडेल तेवढंच वाचून चालत नाही.

अपवाद आहेत. भेट किंवा मृत्युपत्र देताना ‘ही मालमत्ता जोडीदाराच्या सामायिकतेत जाणार नाही’ अशी अट घातली असेल तर ती बाहेर राहते. म्हणून माहेरचे जुने दस्त नीट वाचून घ्या. लग्नाआधीचा करार मात्र लग्नानंतर बदलता येत नाही. ‘आता करून घेऊया ना’ ही विनंती घेऊन येणाऱ्यांना नाहीच म्हणावं लागतं.

उलट टोकाची चूकही होते. ‘सासऱ्याच्या घरात माझा अर्धा हिस्सा.’ नाही. सासरे हयात असताना मुलाचाच त्यांच्या मालमत्तेत हिस्सा नसतो, तर सुनेचा कुठून येणार? हिंदू एकत्र कुटुंबातला जन्मसिद्ध हक्क गोव्याच्या कायद्यात नाही. मुलाला आईवडिलांच्या संपत्तीत राखीव हिस्सा आहे, पण तो त्यांच्या पश्चात उघडतो. सासऱ्यांचं निधन घटस्फोटाआधी झालं की नंतर, यावर सगळं चित्र फिरू शकतं. राहण्याचा हक्क ही निराळी गोष्ट आहे. २००५ च्या कायद्याखाली सामायिक घरातून स्त्रीला कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढता येत नाही, पण त्यामुळे ती त्या घराची मालकीण होत नाही.

पुण्यातला फ्लॅट यादीतून वगळून टाकावा, असं काहींना वाटतं. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या, पण भारतातल्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तो वारशाबद्दलचा आहे, घटस्फोटाबद्दलचा नव्हे. तरी लपवायला निघालेल्याने तो आधी वाचलेला बरा.

कागद न वाचता सही, आणि विसरलेलं मुखत्यारपत्र

स्थावर विकायचं तर दोघांची सही लागते, त्यामुळे ‘इथे सही कर’ या वाक्याची आपल्याकडे बायकांना सवय झालेली आहे. नातं ताणलेलं असताना तीच सही म्हणजे आपला अर्धा हिस्सा विकायला दिलेली संमती. कर्जाच्या कागदांचंही तसंच. सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर घटस्फोटाच्या तडजोडीत काहीही लिहा, बँकेला ते बांधील नसतं. हप्ता थकला की ती दोघांकडेही येणार. म्हणून तडजोडीवर सही करण्याआधी बँकेकडून कर्ज एकाच्या नावावर करून घ्या, नाहीतर फेडून टाका.

नवरा जहाजावर किंवा आखातात असलेल्या घरांत एकमेकांना दिलेली मुखत्यारपत्रं पडून असतात. ती रद्द करण्याचा दस्त करा आणि त्याची खबर समोरच्याला, बँकेला आणि सब-रजिस्ट्रारला लेखी द्या. नॉमिनीची नावंही याच बैठकीत तपासा.

आयकराचं कलम ५अ

वकील हे सांगत नाहीत, सीए विसरतात. सामायिकतेखालच्या जोडप्याचं भाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा हे उत्पन्न आयकर कायदा १९६१ च्या कलम ५अ नुसार (१ एप्रिल २०२६ पासून त्याजागी आयकर कायदा २०२५) दोघांच्या विवरणपत्रांत निम्मं निम्मं दाखवायचं असतं. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. वेगळं राहायला लागल्यावरही लग्न टिकून आहे तोवर हा नियम सुटत नाही. म्हणजे फोंड्यातल्या दुकानाचं भाडं नवरा घेतो आणि त्यातल्या अर्ध्यावर कर तुम्ही भरता, असं घडू शकतं. दमडी हातात न येता.

पण याच नियमाचा उपयोगही होतो. त्याच्या विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल ५अ’ मध्ये तुमचा पॅन आणि वाटलेलं उत्पन्न लिहिलेलं असतं. ‘मला काही मिळकतच नाही’ असं पोटगीच्या सुनावणीत म्हणणाऱ्यासमोर ते ठेवता येतं. आणि घटस्फोट कायम झाल्यावर जुन्या सवयीने वाटणी चालू ठेवू नका.

हुकूमनामा मिळाला की झालं, असं समजणे

हुकूमनाम्याने लग्न संपतं, मालमत्तेची वाटणी त्याने होतेच असं नाही. सहमती असेल तर दस्ताने वाटप करता येतं. नसेल तर इन्व्हेंटरीची कार्यवाही, जी आता २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते. त्यात मालमत्तेची यादी होते, हरकती येतात, मूल्यांकन होतं. एकाच घरावर दोघांचा डोळा असेल तर आपसात बोली लागते. जास्त बोली लावणारा घर घेतो आणि समोरच्याच्या हिश्शाचे पैसे देतो. रोख हाताशी नसलेला इथे हरतो, मग त्याचं त्या घरावर कितीही प्रेम असो. बोलीची वेळ येण्याआधीच कर्जाची, भावंडांची, जी काय सोय करायची ती करून ठेवा.

पोटगीसाठी निकालाची वाट पाहणे

वाटप व्हायचं तेव्हा होईल, मुलाची फी जूनमध्ये भरायची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ खाली, निर्वाहखर्च मागता येतो, आणि अंतरिम रक्कमही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोघांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायची. अर्ज लांबवला की तेवढे महिने बुडाले. मुलाचा खर्च ‘सोडून दिला’ असं तडजोडीत लिहून काही उपयोग नाही. तो हक्क मुलाचा आहे, आईने किंवा वडिलांनी सोडायचा नाही. वकील परवडत नाही म्हणून थांबलेल्या बाईला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत चौकशी करा.

नोंद राहून जाणे

घटस्फोट कायम झाला की सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या लग्नाच्या नोंदीवर, समासात, त्याचा शेरा पडायला हवा. नवीन लग्नाची पहिली सही करायला गेल्यावर जुनी नोंद तशीच दिसली की गाडी तिथेच अडते. ज्यांनी पोर्तुगालमध्ये जन्म आणि लग्न नोंदवून तिथला पासपोर्ट घेतला आहे, त्यांना आणखी एक पायरी आहे. गोव्यातला घटस्फोट तिथल्या न्यायालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो, तोवर लिस्बनच्या दप्तरात ते विवाहितच असतात. त्यासाठी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. ती मिळते आहे तेव्हाच चार-पाच जास्तीच्या काढून ठेवा.