हिऱ्यातला ढग: कागदावर 'क्लाउड' लिहिलेला हिरा घ्यावा की सोडावा?

हिऱ्यासाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे, पाणी. हिरा पाणीदार असतो, नाहीतर त्याचं पाणी उतरलेलं असतं. प्रयोगशाळेच्या अहवालावर वजन, रंग, क्लॅरिटी (म्हणजे निर्दोषपणा), कट असे सगळे रकाने मिळतील, पण पाण्याचा रकाना मिळणार नाही. आणि 'क्लाउड' हा दोष घात करतो तो नेमका पाण्याचा.

भाचीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी आम्ही दोन हिरे शेजारी ठेवून पाहिले होते. दोन्ही अर्ध्या कॅरटचे, दोन्हींचा रंग एकाच श्रेणीतला, दोन्ही एसआय-१ या मधल्या क्लॅरिटी श्रेणीतले, आणि दोन्हींच्या कागदावर दोषांच्या यादीत पहिला शब्द 'क्लाउड'. दुकानातल्या दिव्यांखाली फरक कळेना. दाराशी साध्या उजेडात आणले तेव्हा एक लख्ख होता, दुसरा मात्र आरशावर कुणी श्वास सोडावा तसा. कागद सारखा, हिरे वेगळे. म्हणून 'क्लाउड' हा शब्द वाचून हिरा बाजूला सारू नका, आणि 'त्याने काही होत नाही हो' या उत्तरावर विसंबून घेऊही नका. तपासा. त्याला अर्धा तास पुरतो.

ढग म्हणजे काय, ते आधी

हिरा जमिनीच्या पोटात घडताना त्यात अतिसूक्ष्म स्फटिक अडकतात. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनही असा एकेक स्फटिक सुईच्या टोकाएवढाच दिसतो, म्हणून त्याला पिनपॉइंट म्हणतात. असे पुष्कळ ठिपके एका जागी दाटले की तो झाला क्लाउड. रत्नशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत हिऱ्याचे दोष मल, बिंदू, यव, रेखा, काकपद असे सांगितलेत. आजचा पिनपॉइंट हा त्यातल्या बिंदूचा जवळचा नातेवाईक.

थोडे ठिपके प्रकाशाला अडवत नाहीत. पण ते दाट झाले किंवा हिराभर पसरले, की आत आलेला प्रकाश सरळ परत फिरण्याऐवजी विखुरतो. दुधाचे दोन थेंब पडलेल्या पाण्यासारखा हिरा दिसू लागतो. यालाच बाजारात 'मिल्की' म्हणतात.

अहवाल खालून वाचा

जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या संस्थेच्या क्लॅरिटीच्या श्रेणी, सर्वांत निर्दोष ते सर्वांत सदोष अशा क्रमाने, ११ आहेत: एफएल, आयएफ, व्हीव्हीएस-१ व २, व्हीएस-१ व २, एसआय-१ व २, आणि आय-१ ते ३. दोष दहापट भिंगाखाली किती मोठे, किती संख्येने, कुठे, कोणत्या जातीचे आणि किती ठळक दिसतात यावर श्रेणी ठरते. हिरा साध्या डोळ्याला किती पारदर्शक दिसतो हा वेगळा प्रश्न आहे.

मोठ्या हिऱ्याच्या पूर्ण अहवालावर हिऱ्याचा नकाशा असतो. त्यावर आतले दोष लाल रंगात आणि पृष्ठभागावरचे हिरव्या रंगात दाखवतात. ढगाची खूण म्हणजे लाल ठिपक्यांचं वर्तुळ. छोट्या हिऱ्यांच्या अहवालात नकाशा नसून नुसती दोषांची यादी असते. साधारणपणे सगळ्यात प्रभावी दोष यादीत आधी येतो.

पण बहुतेक जण ज्याकडे बघतच नाहीत, तो शेवटचा 'कॉमेंट्स'चा रकाना इथे सर्वांत महत्त्वाचा. त्यातली दोन वाक्यं ओळखता आली पाहिजेत.

'ॲडिशनल क्लाउड्स आर नॉट शोन' म्हणजे नकाशात दाखवलेल्या दोषांशिवाय आणखी ढग आहेत, पण ते दाखवलेले नाहीत. व्हीव्हीएस किंवा व्हीएस हिऱ्यावर हे वाक्य असेल तर सहसा काळजीचं कारण नाही.

'क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स दॅट आर नॉट शोन' हे वाक्य वेगळं आहे. ज्या ढगांमुळे ही श्रेणी मिळाली तेच नकाशात नाहीत, कारण ते इतके पसरलेत की रेखाटले तर नकाशाच झाकला जाईल. नकाशा जवळजवळ कोरा, श्रेणी एसआय-१ किंवा एसआय-२ आणि खाली हे वाक्य, असा मेळ दिसला तर मी हिरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देणार नाही. गंमत अशी की हाच कोरा नकाशा 'बघा किती स्वच्छ आहे' म्हणून दाखवला जातो.

मग हिरा पाहा, पण धुऊन

हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटतं. खाणीत तर चुऱ्यातून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले पट्टे वापरत आले आहेत. दगड पाण्याबरोबर वाहून जातात, हिरे ग्रीसला धरून राहतात. म्हणून हातोहात फिरलेला हिरा बोटांच्या तेलानेच धुरकट दिसू शकतो. आधी तो पुसून मागा. घरी जुनी अंगठी तपासत असाल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

शक्यतो सुटा हिरा पाहा. कोंदणात बसलेल्या हिऱ्याच्या बाजू झाकलेल्या असतात आणि ढग नेमका तिथूनच नीट दिसतो. पसंतीनंतर तोच हिरा बसवून घेता येतो.

आता उजेड. दुकानातले छताचे बारीक स्पॉटलाइट हिरा लखलखवण्यासाठीच असतात. त्या लखलखाटात धुरकटपणा लपतो. खिडकीशी जा, थेट ऊन नसलेल्या जागी, आणि हिरा पांढऱ्या कागदावर ठेवून वीतभर अंतरावरून बघा. चमक मोजू नका, काळे भाग बघा. चांगल्या हिऱ्यात काळं आणि पांढरं आलटून पालटून येतं आणि हिरा हलवला की जागा बदलतं. ढगाळ हिऱ्यात ते काळं राखाडी पडतं, कडा पुसट होतात. नवख्या डोळ्यालाही हा फरक कळतो. अट एकच, तुलनेला दुसरा हिरा हवा. त्याच आकाराचा, जवळपास त्याच रंगाचा आणि वरच्या क्लॅरिटीचा हिरा शेजारी ठेवायला सांगा. एकटा हिरा पाहून डोळा सरावतो आणि तेच पाणी खरं वाटू लागतं. ऑनलाइन व्हिडिओची अडचणही हीच. ठळक काळा डाग त्यात सापडेल, पण सगळा हिरा सारखाच धुरकट असेल तर पटकन लक्षात येत नाही.

भिंग सगळ्यात शेवटी घ्या. टॉर्चचा उजेड बाजूने टाकला तर आतला ढग पांढुरका उजळतो. निरुपद्रवी ढगही उजळतो, तेव्हा घाबरू नका. तो टेबलाखाली, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या खाली आहे की कडेला, विरळ आहे की दाट, एवढंच पाहा. गोल ब्रिलियंट कटमध्ये बारीक पैलूंच्या गर्दीत पुष्कळ काही लपतं. एमराल्ड कटचे लांब, सपाट पैलू काहीच लपवत नाहीत, तिथे एक श्रेणी वरची घेतलेली बरी.

हे दोन प्रश्न विचारा

मुंबईच्या झवेरी बाजारात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजाराच्या दलालांत 'नो बीजीएम' असा शब्द चालतो. ब्राऊन, ग्रीन, मिल्की यांतलं काही नाही, असा त्याचा अर्थ. तुम्हीही तोच विचारा: 'हा नो बीजीएम आहे ना?' हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस तुमच्याशी जरा वेगळं बोलू लागतो. दुसरा प्रश्न, हाच आकार, हाच रंग, हीच क्लॅरिटी असलेल्या दुसऱ्या हिऱ्यापेक्षा हा स्वस्त का? मिल्की हिरा व्यापारात कमी भावानेच जातो. किंमत फारच गोड वाटली तर कारण बहुधा तिथे असतं.

फ्लुरोसन्सच्या, म्हणजे अतिनील किरणांत (उन्हातही ते असतात) हिरा किती उजळतो त्याच्या, रकान्यात 'स्ट्राँग' लिहिलं असलं म्हणून हिरा धुरकट ठरत नाही, बहुतेक नसतात. पण त्याच्या जोडीला ढगही असेल तर हिरा उन्हात नेऊन बघाच. लॅबमध्ये घडवलेला हिराही ढगाळ निघू शकतो, त्यालाही हीच तपासणी लावा. हिऱ्याच्या कुड्या किंवा मंगळसूत्राच्या वाटीतले बारीक हिरे एकेकटे प्रमाणित नसतात. तिथे सगळे एकत्र पाहा, ओळीत एखादा मंद असला तर आपोआप उठून दिसतो.

माझं मत विचाराल तर टेबलाच्या मधोमध काळा स्फटिक असलेल्या एसआय-१ पेक्षा विरळ ढगाचा एसआय-१ मी केव्हाही घेईन. काळा ठिपका एकदा दिसला की रोज दिसतो. विरळ ढग साध्या डोळ्याला कळतही नाही आणि व्हीएसच्या मानाने पैसे वाचतात. भाचीच्या बोटात आज तोच, दाराशी लख्ख दिसलेला हिरा आहे.

पैसे देण्यापूर्वी हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर तो भिंगातून वाचून अहवालाशी ताडून घ्या, आणि अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. हॉलमार्क आणि त्यासोबतचा एचयूआयडी क्रमांक फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात, हिऱ्याची नाही. म्हणून बिलावर वजन, रंग, क्लॅरिटी आणि अहवालाचा क्रमांक वेगळे लिहून घ्या, परत घेण्याच्या अटींसकट, आणि दुकानदार तयार असेल तर 'मिल्की नाही' हेही.