पॉवर विंडो कधी चालते, कधी नाही: दोष बिजागरीपाशी निघाला

मागच्या दाराची काच मध्येच अडायची, दार आपटलं की पुन्हा चालू. फ्यूज शाबूत. स्विच बदलला, मोटरही बदलली. काही दिवस बरे, मग तेच. डोकं पिकलं होतं.

इग्निशन चालू ठेवून बटण दाबून धरलं आणि दाराची सावकाश उघडझाप केली. एका ठरावीक कोनातच काच हलली. म्हणजे दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतली वायर. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून नळी दोन्ही टोकांनी सोडवली. आवरण अखंड, पण हलकं ओढल्यावर एक वायर रबरासारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलेलं. नुसती टोकं जोडू नका, आखूड वायर पुन्हा तुटते. खराब भाग कापून त्याच जाडीचा लवचीक तुकडा घातला, सांधे वाकणाऱ्या भागाबाहेर ठेवले, सोल्डर करून हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली (ती सांधा करण्याआधीच वायरीवर ओवायची, नंतर जात नाही). शेजारच्या वायरीही ओढून पाहिल्या.

बॅटरी जोडल्यावर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं, तेव्हा बॅटरी काढल्याने गेलेलं ऑटो-अप (एकदा बटण ओढलं की काच आपोआप पूर्ण वर जाणं) परत आलं. ही शेवटची पायरी गाडीगणिक बदलते, मॅन्युअल बघा.