सकाळी गारठा, दुपारी घाम: लहान लेकरांना थंडीत शाळेत पाठवताना

आपल्याकडची थंडी कशी असते ते आधी लक्षात घ्या, मग कपड्यांचं बोलू. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तुरीच्या धुऱ्यानं चाललं तर दहिवरानं साडी गुडघ्यापर्यंत ओली होते, आणि त्याच दिवशी दुपारी एक वाजता अंगणात उभं राहवत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशावर गेला होता, तसं काही रोज होत नाही, पण सकाळी १०-१२ आणि दुपारी २७-२८ हे आपल्या विदर्भात नेहमीचंच. म्हणजे लेकराला थंडी वाजते दोन-तीन तास आणि शाळा असते दिवसभर.

म्हणून एकच जाडजूड स्वेटर घालून पाठवू नका. मी हीच चूक केली होती, आमचा पोरगा पहिल्या वर्गात होता तेव्हा. बंद गळ्याचा चांगला जाड स्वेटर घेतला, वाटलं आता काळजी नाही. संध्याकाळी घरी आला तर बनियान पाठीला चिकटलेली, मान घामानं चिपचिपी, आणि वरून ऊन उतरलं तसा थरथर कापत होता. विचारलं, "काढला काऊन नाही रे?" तर म्हणे, "मले डोक्यातून निंगतच नव्हता तो." नंतर आठ दिवस खोकला. तेव्हापासून माझा एकच नियम, जे लेकराला स्वतःच्या हातानं काढता-घालता येत नाही ते शाळेत घालून पाठवायचं नाही. वर्गात तीस पोरं असली तर मॅडम कोणाकोणाचे स्वेटर ओढत बसतील.

तर असं करा. आत सुती बनियान, त्यावर पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, मग शाळेचा शर्ट आणि वरून समोरून उघडणारा स्वेटर. पातळ पातळ तीन-चार कपड्यांच्या मधे हवा अडकते ना, तीच अंगाची गरमी धरून ठेवते, आणि ऊन चढलं की वरचं एक काढलं की झालं. चेनवालं जॅकेट असेल तर चेनच्या टोकाला नाड्याचा तुकडा बांधून द्या, लहान बोटांना ते बारीक टोक धरता येत नाही, थंडीनं बोटं आखडली की तर नाहीच. बटणं असतील तर रविवारी घरीच चार-पाच वेळा लावून-काढून घ्या. दप्तरात एक रिकामी कापडी थैली ठेवा, काढलेला स्वेटर त्यात जातो, नाहीतर खिचडीच्या ताटाजवळ पडतो किंवा शाळेतच राहतो. सगळ्यांचे स्वेटर एकाच रंगाचे असतात म्हणून कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्यानं दोन टाके घाला, आपल्या पोराला ओळखू आला म्हणजे झालं.

"दोन वर्ष चालेल" म्हणून खूप मोठा स्वेटर आपण सगळेच घेतो, पैशाचा हिशोब मला कळतो, पण बाही पंजाच्या खाली लोंबत असेल तर दोन घड्या घालून टाका मारून द्या. नाहीतर नळावर हात धुताना ती ओली होते, खिचडीत बुडते, त्यानंच नाक पुसल्या जाते आणि दिवसभर ते गार ओलं मनगटाला लागून राहते. नाकासाठी रुमाल छातीवर पिनेनं लावून द्या.

पायांकडे आपलं लक्षच नसते. हाफपँट किंवा स्कर्ट असेल तर आतून लेगिन घाला, इलास्टिक ढिलं असू द्या, लघवीला घाई झाली की पोरांना ओढता आलं पाहिजे. एकावर एक दोन मोजे घालून पाय बुटात कोंबू नका, बूट आवळला की पाय उलट जास्त गार पडतात. आणि टाटपट्टी पातळ असते, खालची फरशी गार असते, म्हणून मी जुन्या लुगड्याची चार पदरी बसकी शिवून दिली, ती दप्तरात मावते.

कानटोपी हनुवटीखाली बंद होणारी बरी. मोठा मफलर लहानांना नकोच, झोक्यात किंवा गाडीच्या चाकात अडकला तर गळ्याला फास बसते. गाडीवर नेत असाल तर समोर टाकीवर बसवू नका, सगळी हवा त्याच्याच छातीवर येते. विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, त्यावर पातळ विंडचीटर घाला, नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट चालतो, शाळेत पोचलं की काढून घ्या.

शेकोटीजवळ स्वेटर घालून पोरांना एकटं सोडू नका. बाजारात मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, लोकरीचे नाही, ठिणगी पडली की ते वितळून कातडीलाच चिकटते. आमच्या अंगणात एका बाहीला रुपयाएवढं भोक पडलं, कडा प्लास्टिकसारखी कडक झाली होती, हात थोडक्यात वाचला.

लेकराला थंडी वाजते का हे हाताचे पंजे पाहून ठरवू नका, ते गारच असतात. मानेमागून कॉलरच्या आत दोन बोटं घाला. कोमट आणि कोरडं असेल तर बरोबर, गार असेल तर एक कपडा वाढवा, ओलं असेल तर कमी करा आणि बनियान बदला. पण ओठ निळे पडले, लेकरू सुस्त झालं किंवा श्वास घेताना फासोळ्या आत ओढल्या जात असतील तर घरी शेकत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.

रात्री झोपलेल्याच बनियानवर शर्ट चढवायचा नाही, ती ओलसर झालेली असते. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा सगळ्यात जास्त रडारड, कारण कपडेच गार लागतात. मी रात्रीच बनियान, टी-शर्ट आणि लेगिन घडी करून त्याच्या गोधडीत पायाशी ठेवते. सकाळी ते कोमट असते, गोधडीतच बसून घालून घेतो आणि मग बाहेर निघतो.