केसपेपरवर ‘एफ ६४’ आलं तर घरच्यांनी काय करायचं

पोरगा हातात बांगड्या घालतो, पोरगी केस कापून शर्ट-पँटमध्येच वावरते, एवढ्यासाठी त्यांना बेळगाव-धारवाडच्या मानसोपचार ओपीडीत न्यायची गरज नाही. वागणं वेगळं आहे का, हा एक प्रश्न. त्या पोराला त्रास होतोय का, हा दुसरा. दवाखाना या दुसऱ्यासाठी. ‘एफ ६४’ हा लिंगओळखीच्या, म्हणजे आपण मुलगा की मुलगी या आतल्या जाणिवेच्या, प्रश्नासाठी केसपेपरवर लिहिला जाणारा आकडा.

न्यायचं ठरलं की आदल्या रात्री कागदावर लिहून काढा: झोप किती तास लागते, जेवण किती सुटलंय, शाळा किती दिवस बुडाली, मरणाची भाषा तोंडात आली का, आणि हे सगळं कधीपासून. ‘मुलीसारखा वागतो’ हे पहिलं वाक्य करू नका. केसपेपरवर पहिली जी तक्रार उतरते, तिच्याच मागनं पुढची विचारपूस जाते. मग चार रात्री न झोपलेलं पोर समोर बसलेलं असतं आणि बोलणं चालतं बांगड्यांवर. डॉक्टर कन्नडच बोलणारे असतील तर दुभाषी म्हणून गल्लीतला माणूस नेऊ नका, संध्याकाळपर्यंत गावभर होतं. जो येईल त्याला बजावा, शब्दाला शब्द सांगायचा, पदरचं काही घालायचं नाही. आणि पोराला थोडा वेळ एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या.

बाहेर आलात की निदानाचा रकाना बघा. तिथं आजाराचा सांकेतिक आकडा असतो. एफ ३२ म्हणजे नैराश्य, एफ ४१ म्हणजे चिंतेचा विकार. दोन्हींवर चांगले उपचार आहेत. जरा बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.

एफ ६४ दिसलं तर मात्र थांबून विचारा. हा आयसीडी-१० या आजारांच्या जुन्या जागतिक यादीतला आकडा. त्या यादीत लिंगओळखीचा प्रश्न मानसिक विकारांत धरला होता. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू. तिनं तो तिथून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला: वयात आलेल्यांसाठी एचए ६०, लहान मुलांसाठी एचए ६१. नुसत्या वेगळ्या वागण्या-आवडण्यावरून हे निदान करू नये, असंही तिच्यात स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीनंही २०१३ मध्ये ‘विकार’ हा शब्द काढला आणि ‘जेंडर डिस्फोरिया’ (लिंगओळख न जुळल्याचा त्रास) म्हणत भर त्रासावर दिला.

मग नाव यादीतून पुरतंच का काढलं नाही? हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असणाऱ्याला कागदावर निदान लागतं म्हणून. मोठ्यांपुरतं हे आम्हाला पटतं. एचए ६१ वर अजून वाद आहे, आणि तो रास्त आहे. वयात येण्याआधी यासाठी औषध द्यायचंच नसतं, मग पोराच्या कपाळी शिक्का कशाला?

बऱ्याच दवाखान्यांत अजून जुनीच यादी चालते, त्यामुळं एफ ६४ लिहिलं म्हणून डॉक्टर वाईट ठरत नाहीत. शांतपणे विचारा: उपचार कशावर, त्रासावर की वागण्यावर? ‘वागणं बदलून देतो’ असं उत्तर आलं तर उठा. असले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडं करता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ सांगतं की समाजाच्या रीतीत न बसणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार नव्हे. कलम २५ प्रमाणं रुग्णाला आपले कागद मागता येतात. ते मागून घ्या.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर लुगडं नेसून डोईवर जग (देवीचा मुखवटा ठेवलेली परडी) घेणारे, देवीला वाहिलेले जोगते आपल्या मुलखानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत, त्यांच्या पायाही पडलोय. पण म्हणून ‘देवीनं धरलंय’ म्हणत पोराला न विचारता डोंगरावर नेणं हीसुद्धा जबरदस्तीच.

मरणाची भाषा असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. उसाचं तणनाशक, कीटकनाशक त्याच दिवशी कुलपात घाला, किल्ली मोठ्या माणसाकडं, पोराजवळ रात्री कुणीतरी झोपा, आणि जिल्हा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. वाटेत १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेला फोन लावा.