‘सेरेबेलम’ हा शब्द वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

एमआरआयच्या अहवालातील ‘सेरेबेलर’ हा शब्द घाईत ‘सेरेब्रल’ असा वाचला जातो आणि पुढची सगळी समजूत तिथूनच चुकत जाते. सेरेब्रम म्हणजे प्रमस्तिष्क, अर्थात कवटीतील बहुतेक जागा व्यापणारा मोठा मेंदू. सेरेबेलम म्हणजे अनुमस्तिष्क, जे त्याच्या मागील भागाखाली, मस्तिष्कस्तंभाच्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाच्या) पाठीमागे असते. दोहोंच्या आजारांची लक्षणे वेगळी असल्याने शंका आल्यास अहवालातील अक्षरे पुन्हा तपासावीत.

‘छोटा मेंदू’ हे नाव सोयीचे असले तरी त्यावरून त्याचे काम दुय्यम ठरवू नये. मेंदूच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग असलेल्या या अवयवात एकूण सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास पेशी असतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो लक्षणांबाबत. अनुमस्तिष्काला इजा झाली की अर्धांगवायू होतो, असे सरसकट लिहिले जाते. प्रत्यक्षात स्नायूंची ताकद बहुधा टिकून असते, बिघडतो तो हालचालींचा मेळ. चालताना पाय फाकवून टाकावे लागतात, बोलणे अडखळते, आणि वस्तू घ्यायला पुढे केलेला हात तिच्याजवळ पोहोचताना अधिकच थरथरतो. शिवाय मोठ्या मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, हा शाळेत पाठ केलेला नियम येथे लावू नये, कारण अनुमस्तिष्काच्या डाव्या अर्ध्या भागातील बिघाड शरीराच्या डाव्याच बाजूला दिसतो.

अहवालात ‘टॉन्सिल’ दिसले म्हणून घशाचा विकार समजू नये (ही चूक वाटते तितकी विरळ नाही). अनुमस्तिष्काच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांनाही टॉन्सिल म्हणतात आणि ते कवटीच्या तळाच्या छिद्रातून साधारण ५ मिलिमीटर किंवा अधिक खाली सरकलेले असल्यास कियारी विकृतीचा विचार केला जातो.

अनुमस्तिष्कातील पक्षाघातात (स्ट्रोक, म्हणजे त्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडणे) चेहरा वाकडा होणे किंवा हात लुळा पडणे ही ओळखीची चिन्हे नसू शकतात. म्हणून अचानक आलेली भोवळ, उलट्या आणि आधाराशिवाय उभे न राहता येणे यांना पित्त समजून घरी थांबणे धोक्याचे आहे, कारण पुढील काही दिवसांत येणारी सूज मस्तिष्कस्तंभावर दाब देऊ शकते.